'काल असे नव्हते' : वृद्ध रुग्णांतील डेलिरियम तातडीच्या विभागात कसा ओळखावा?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कारेगावात बाहेरगावाहून आलेल्या कामगारांची वस्ती मोठी आहे. मराठवाडा, विदर्भ आणि शेजारच्या दुष्काळी पट्ट्यातून तरुण येथे येतात, भाड्याच्या खोलीत संसार मांडतात आणि पुढे कधीतरी गावाकडचे वृद्ध आईवडील उपचारासाठी, नातवंडांसाठी किंवा उन्हाळ्यात गावी पाणी नाही म्हणून त्यांच्याकडे राहावयास येतात. अशा घरातील वृद्ध व्यक्ती अचानक आजारी पडली, तर तिला शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात, जवळच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात किंवा पन्नासएक किलोमीटरवरील पुण्यात न्यावे लागते. नेणारा कोण असतो? मुलगा रात्रपाळीला गेलेला असतो, सून लहान मूल टाकून निघू शकत नाही. मग शेजारच्या खोलीतील कोणी भला माणूस गाडी काढतो. हा शेजारधर्म स्तुत्यच आहे. परंतु डॉक्टरांना जी एक गोष्ट कळावयास हवी, नेमकी तीच त्या शेजाऱ्याला ठाऊक नसते : हे आजोबा काल कसे होते?

एका गंभीर आजाराचे निदान बहुतांशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. त्या आजाराचे नाव डेलिरियम. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणसाचे अवधान ढासळते, तो गोंधळतो, कधी बरळतो, तर कधी नुसता गुंगून पडून राहतो. आणि ही स्थिती एकसारखी न राहता दिवसभरात चढउतार होत राहते. डेलिरियम हा मेंदूचा स्वतंत्र रोग नव्हे. शरीरात अन्यत्र काहीतरी बिघडले आहे आणि मेंदू ते सोसू शकत नाही, याची ती खूण होय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शेतकऱ्याला चटकन समजेल असा आहे : नांगराने तास सोडणे. बैल तास सोडून भलतीकडे वळावा, तसे मन आपली वाट सोडते.

आपल्याकडेही ही अवस्था अपरिचित नाही. 'तापात वात झाला', 'म्हातारी बरळू लागली' असे आपण म्हणतच आलो आहोत. आयुर्वेदात सन्निपात ज्वराच्या वर्णनात प्रलाप, म्हणजे असंबद्ध बडबड, आणि तंद्रा, म्हणजे गुंगी, अशी दोन्ही लक्षणे सांगितली आहेत. जुन्या वैद्यांनी या दोन्ही लक्षणांची नोंद घेतली होती, हे विशेष होय. कारण आज गफलत होते ती दुसऱ्या लक्षणाच्या बाबतीत. जो रुग्ण ओरडतो, सलाईनची नळी उपटतो, खाटेवरून उतरू पाहतो, त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. जो शांतपणे डोळे मिटून पडून राहतो, विचारले तर 'हं' म्हणतो आणि पुन्हा झोपी जातो, तो कोणालाच त्रास देत नाही. नातेवाईक म्हणतात, 'थकलेत, झोपू द्या.' वृद्धांमधील डेलिरियम बहुधा याच मूक रूपात येतो.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे नमूद करावासा वाटतो. तातडीच्या विभागात आलेल्या 303 वृद्ध रुग्णांची त्यांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. त्यांपैकी 25 जणांना डेलिरियम होता. या 25 पैकी तब्बल 19 जणांच्या बाबतीत तेथील डॉक्टरांच्या तो लक्षात आला नव्हता; आणि दहांपैकी नऊ रुग्णांचा डेलिरियम मूक प्रकारचा होता. सर्व यंत्रसामग्री हाताशी असलेल्या रुग्णालयातील ही कथा आहे. आपल्याकडे एकाच डॉक्टरला अपघात, सर्पदंश, प्रसूती आणि छातीतील कळ हे सर्व एकाच रात्री पाहावे लागत असेल, तर कोपऱ्यातील खाटेवर निमूट पडलेल्या आजीकडे किती लक्ष जाणार? नाडी आणि रक्तदाब पाहिला जातो, हाक मारल्यावर डोळे उघडले म्हणून केसपेपरवर 'शुद्धीवर आहे' अशी नोंद होते. ती नोंद खोटी नसते. परंतु शुद्धीवर असणे आणि भानावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय आपल्या भाषेनेच एक सापळा लावून ठेवला आहे. 'म्हातारचळ' हा शब्द आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो की वृद्धाने गोंधळणे आपणास नैसर्गिक वाटू लागते. आमच्या मते या विषयात सर्वाधिक हानी या दोन उक्तींनी केली असावी. वयामुळे स्मरणशक्ती मंदावते, हे खरे. परंतु वयामुळे कोणी मंगळवारी शहाणा आणि गुरुवारी भ्रमिष्ट होत नाही.

स्मृतिभ्रंश, ज्याला आपण डिमेन्शिया म्हणतो, तो महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. डेलिरियम तासांत येतो. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी माणूस नावे विसरतो, पण आपण बोलतो तिकडे त्याचे लक्ष असते. डेलिरियममध्ये लक्षच टिकत नाही. अर्थात, ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे त्यालाच डेलिरियम होण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि तेथे 'ते असेच करतात' हे वाक्य फार घातक ठरते. त्यांचे नेहमीचे 'असेच' आणि आजचे 'असेच' एकसारखे आहे काय, हे पाहावयास हवे. आपल्या घरांत याची एक साधी खूण मिळू शकते. ज्या आजीने साठ वर्षे रोज रात्री रोझरी म्हटली, तिला प्रार्थनेचे शब्द डेलिरियममध्येही येत असतील, कारण ते खोलवर रुजलेले असतात. पण कितवा मणी चालू आहे याचा तिला पत्ता लागत नाही, मध्येच ती थांबते, तोच मणी पुनःपुन्हा फिरवते. गेल्या आठवड्यात असे नव्हते आणि आज आहे, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे.

आता डॉक्टर हे कसे तपासतात ते पाहू. 1990 साली अमेरिकेतील डॉ. शेरॉन इनौये यांनी 'कॅम' या नावाने ओळखली जाणारी पद्धत मांडली. बदल अचानक झाला व त्यात चढउतार आहेत, आणि अवधान टिकत नाही, या दोन्ही गोष्टी आढळल्या, आणि त्यांच्या जोडीला विचारांतील असंबद्धता किंवा जागृतीतील बिघाड यांपैकी एक असेल, तर डेलिरियम समजावा, असे तिचे सूत्र आहे. तातडीच्या विभागात याहून झटपट पद्धत लागते. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे तयार झालेली 'फोर-ए-टी' ही चाचणी त्यासाठी आता अनेक देशांत वापरली जाते. दोन मिनिटांच्या आसपास ती पूर्ण होते, तिला खास प्रशिक्षण लागत नाही आणि परिचारिकाही ती करू शकते.

या चाचणीचे एकूण 12 गुण असतात. गुण जितके अधिक, तितकी शंका अधिक. रुग्ण अगदी सुस्त किंवा अतिशय अस्वस्थ असेल तर 4 गुण. वय, जन्मतारीख, आपण कोठे आहोत आणि साल कोणते, या चार प्रश्नांना 2 पर्यंत गुण. डिसेंबरपासून उलट क्रमाने महिने सांगावयास लावतात, त्याला 2 पर्यंत गुण. शेवटचा प्रश्न रुग्णाला नसतोच. रुग्णाच्या मनःस्थितीत गेल्या दोन आठवड्यांत अचानक बदल किंवा चढउतार झाला आहे काय, आणि तो गेल्या 24 तासांतही दिसत आहे काय? याचे उत्तर 'होय' असेल, तर एकदम 4 गुण. एकूण बेरीज 4 किंवा अधिक झाली की डेलिरियमची शक्यता धरून पुढील तपास करावयाचा असतो.

वाचकांनी हा हिशेब पुन्हा एकदा पाहावा. घरच्या माणसाचे 'काल असे नव्हते' हे एकच वाक्य, बाकी सर्व उत्तरे बरोबर आली तरी, रुग्णाला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवते. रक्ताची कोणतीही चाचणी किंवा डोक्याचा कोणताही स्कॅन डेलिरियम आहे की नाही हे सांगू शकत नाही. ती साधने कारण शोधण्यासाठी असतात. डेलिरियम ओळखण्यासाठी कालचा माणूस माहीत असलेला कोणीतरी तेथे उभा असावा लागतो, आणि त्याने तोंड उघडावे लागते. अनेक कुटुंबे मोठ्या डॉक्टरांसमोर संकोचाने गप्प राहतात, म्हणून हे आवर्जून सांगत आहोत.

उरलेले प्रश्न आपल्या गावाकडच्या वृद्धांना विचारताना मात्र तारतम्य लागते. जन्मतारखेचेच पाहा. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली! ज्या कधी शाळेतच गेल्या नाहीत, त्या आजी जन्म विचारल्यास 'मोठ्या दुष्काळाच्या आधीचा' असे सांगतील. (आपल्या समाजात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीमुळे ही अडचण काहीशी कमी आहे, एवढेच.) अशा आजींना जन्मतारीख आली नाही म्हणून त्या गोंधळल्या आहेत असे ठरत नाही. महिन्यांचीही तीच गत. जानेवारी-फेब्रुवारी ज्यांच्या जिभेवर कधी रुळलेच नाहीत, त्यांना ते उलटे कसे येणार? त्यांना चैत्र-वैशाख येतात, आणि वार तर सर्वांनाच येतात. रविवारपासून मागे, शनिवार, शुक्रवार, असे म्हणावयास लावले तर अवधानाचा अंदाज येतो, जरी हे काम सोपे असल्याने मूळ चाचणीचे गुण त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अतिदक्षता विभागांत आणखी एक युक्ती वापरतात. डॉक्टर एकामागून एक 10 अक्षरे उच्चारतात आणि ठरवलेले एक अक्षर ऐकू आले की रुग्णाने त्यांचा हात दाबावयाचा असतो. दोनांहून अधिक चुका झाल्या तर अवधान बिघडले आहे असे समजतात. यास शिक्षण लागत नाही, बोलताही यावे लागत नाही. कान मात्र शाबूत हवेत.

परक्या देशांतील चाचण्या आपल्या मातीत रुजवाव्या लागतात, हे भारतातील संशोधकांनी पूर्वीच ओळखले होते. हरियाणातील बल्लभगढ परिसरात लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी स्मृती व आकलनाच्या चाचणीची हिंदी आवृत्ती तयार करण्यात आली. ते काम 1995 साली प्रसिद्ध झाले. तातडीच्या विभागात मराठी बोलणाऱ्या वृद्धांना कोणत्या शब्दांत काय विचारावे, याचाही असाच विचार प्रत्येक रुग्णालयाने करावा, असे आम्हास वाटते. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस साठीच्या पुढचा होता. आता हे प्रमाण त्याहून वाढलेले आहे.

डेलिरियम ओळखण्याची एवढी घाई कशासाठी? तर त्यामागे दडलेले कारण बहुधा वेळेवर बरे करता येण्यासारखे असते, आणि ते दडलेलेच राहिले तर जिवावर बेतते. मधुमेहाची गोळी घेतली पण जेवण झाले नाही, तर साखर खाली जाते; बोटाला टोचून एका मिनिटात हे कळते, म्हणून ही तपासणी सर्वांत आधी. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग वृद्धांत कधी कधी तापाशिवायच येतो, खोकलाही नसतो, फक्त माणूस 'कसातरीच' वागू लागतो. कोविडच्या साथीत याचा मोठा प्रत्यय आला. अमेरिकेतील तातडीच्या विभागांत आलेल्या 817 कोविडबाधित वृद्धांच्या 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 28 टक्के रुग्णांना येतानाच डेलिरियम होता, आणि डेलिरियम असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना ताप किंवा धाप यांसारखे नेहमीचे लक्षण नव्हते. हृदयविकाराचा झटकासुद्धा वृद्धांत छातीत न दुखता, केवळ गोंधळाच्या रूपाने येऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत शरीरातील पाणी व सोडियम कमी होणे, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असताना, हे आणखी एक नित्याचे कारण. लघवी तुंबणे आणि चार-पाच दिवसांचे बद्धकोष्ठ ही कारणे क्षुल्लक वाटतात, परंतु केवळ तेवढ्याने माणूस भ्रमिष्ट झालेला आढळतो. पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला मुका मार लागला होता आणि घरातील मंडळी ते विसरूनही गेली आहेत, अशा वेळी कवटीच्या आत सावकाश साचलेले रक्त आज गुंगी आणत असू शकते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास हा धोका वाढतो.

औषधांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. झोपेच्या गोळ्या, अंगाला खाज सुटली म्हणून दिलेले एव्हिलसारखे औषध, सर्दीच्या व खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या-सिरप, कंपवातावरील व वारंवार लघवीवरील काही गोळ्या, तीव्र वेदनाशामके ही सर्व वृद्धाच्या मेंदूवर भारी पडू शकतात. दम्यासाठी धोतऱ्याची पाने ओढण्याचा गावठी उपायही याच पंक्तीतला, किंबहुना अधिक विषारी. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र झाल्या की कोणाच्याही ध्यानात न येता मात्रा दुप्पट होते.

दारूचा उल्लेखही टाळता येणार नाही. रोज पिणारा माणूस पाय मोडून रुग्णालयात दाखल झाला की त्याची दारू आपोआप बंद होते, आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरणे, घाम, नसलेले किडे दिसणे असा भयंकर प्रकार सुरू होतो. हाही डेलिरियमच, आणि त्यावर वेगळे उपचार असतात. लाजेपोटी कुटुंबीय 'ते कशाला पितील?' म्हणून सांगतात आणि डॉक्टर अंधारात राहतात. तेथे लाज बाळगू नये.

तेव्हा वृद्धाला घेऊन निघताना काय करावे? महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. तिला फोन करावा आणि ती येईपर्यंत घरातील सर्व औषधे, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांसह, एका पिशवीत भरावीत. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी सोबत घ्यावी. ऐकू न येणारा माणूस चाचणीत उगीच गोंधळलेला ठरतो. शेजारी जात असेल, तर रात्रपाळीवरील मुलाचा फोन नंबर कागदावर लिहून द्यावा, आणि मुलाने तो फोन उचलावा. डॉक्टरांना सांगताना 'चक्कर आली', 'अशक्तपणा आहे' असे मोघम न सांगता नेमके सांगावे : रविवारी स्वतः चालत चर्चला आले होते, बुधवारी रात्रीपासून सुनेला ओळखत नाहीत, सकाळी बरे वाटते आणि संध्याकाळी वाढते. 'गोंधळलेत, हा डेलिरियम असेल का?' असे सरळ विचारण्यातही काही गैर नाही.

कित्येक घरांत अशा वेळी 'बाहेरचे झाले' अशी शंका घेतली जाते आणि एक-दोन दिवस अंगारे-धुपाऱ्यांत किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून भलत्याच प्रार्थनांत जातात. धर्मगुरूंना बोलावून रुग्णाभ्यंग संस्कार जरूर घ्यावा, परंतु रुग्णवाहिका त्यासाठी थांबवू नये. धर्मगुरू रुग्णालयातही येतात.

दाखल झाल्यानंतरही घरच्या माणसाचे काम संपत नाही. मूळ कारणावरील उपचार डॉक्टर करतील. परंतु गोंधळलेल्या मेंदूला सावरण्याचे बरेचसे काम ओळखीचा चेहराच करतो. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद, समोर घड्याळ, थोडे थोडे पाणी, शक्य तितक्या लवकर खाटेवरून उठवून बसविणे, आणि 'आई, आपण दवाखान्यात आहोत, आज शुक्रवार आहे' असे शांतपणे सांगत राहणे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. इनौये यांच्याच 852 रुग्णांच्या अभ्यासात अशा साध्या काळजीमुळे नव्याने डेलिरियम होण्याचे प्रमाण 15 टक्क्यांवरून सुमारे 10 टक्क्यांवर आले होते. हात बांधणे व विनाकारण लघवीची नळी ठेवणे यांमुळे मात्र डेलिरियम वाढतो. रुग्ण जे सांगतो ते चूक असले तरी त्याच्याशी वाद घालू नये, त्याला हसू तर मुळीच नये. बरे झाल्यावर पुष्कळ जणांना ते भयाचे दिवस आठवतात आणि त्याविषयी बोलताना ते शरमतात.

बहुतेकांचे भान काही दिवसांत परतते, काहींना आठवडे, क्वचित महिने लागतात. दोन-तीन महिन्यांनंतरही विस्मरण राहिले, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्यावी, कारण डेलिरियम होऊन गेलेल्यांत त्याचा धोका अधिक असतो. घरी जाताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर 'डेलिरियम झाला होता' ही नोंद आणि ज्या औषधामुळे तो झाला असेल त्याचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पुढे खुब्याचे किंवा अन्य कोणतेही ऑपरेशन ठरले, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कार्ड आधी दाखवावे.